सोलापूरहून रत्नागिरीला: पंचांग बघून निघा, कडक भाकरी डब्यात ठेवा

सोलापूरचा माणूस सहल ठरवतो ती रेल्वेचं वेळापत्रक आणि शाळेची सुट्टी बघून. समुद्राचं घड्याळ मात्र तिथीवर चालतं आणि रत्नागिरीत होणारी निम्मी फजिती यातून होते. संध्याकाळी वाळूवर खेळू म्हणून पोरांना घेऊन जावं, तर पाणी थेट बांधापर्यंत आलेलं. उरलेली निम्मी फजिती दमट हवेमुळे होते. कोरड्या हवेत वाढलेल्या आपल्या कपड्यांना, चपलांना आणि भाकरीला ती सोसत नाही. पहिल्यांदाच निघणाऱ्या सोलापूरकरांसाठी हे टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे.

आधी कागदपत्रं

- प्रत्येकाचं मूळ आधार कार्ड, मुलांचंही. लॉजवर प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात, एकाच्या कार्डावर पाच जण चालत नाहीत.
- एसटीची सवलत घेणार असाल तर तेच आधार हाताशी ठेवा. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाला अर्धं, ७५ च्या पुढे मोफत. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. कार्ड वरच्या फळीवरच्या बॅगेत तळाशी असलं की वाहकासमोर सगळी बॅग उपसावी लागते. कमरेच्या पाकिटात ठेवा.
- स्वतःची गाडी असेल तर लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधले चालतात, पण घाटात रेंज जाते, म्हणून आधीच उघडून फोनमध्ये उतरवून ठेवा.
- रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी.
- यंदाचं पंचांग किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या महिन्याचा फोटो. याचं कारण लगेच पुढे.

१. तारीख ठरवण्याआधी तिथी बघा

दाते पंचांग निघतं आपल्या सोलापुरातून, आणि आपण ते उघडतो मुहूर्तासाठी किंवा एकादशीसाठी. त्याच पंचांगावरून समुद्राची भरती काढता येते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल ती भरतीची वेळ. शुक्ल पक्ष असो की वद्य, प्रतिपदेपासून एक, दोन, तीन असं मोजायचं. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या.

- तृतीया: ३ ची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती.
- अष्टमी: सहा वाजता.
- दशमी: साडेसात.
- पौर्णिमा: सव्वाअकरा.

ही वेळ दिवसाची आणि रात्रीचीही, कारण एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. मधोमध, म्हणजे भरतीनंतर सहा तास दहा-बारा मिनिटांनी, पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे त्यावर बोट सोडू नका. पण सहल आखायला तो पुरेसा आहे.

आता याचा उपयोग. मांडवी किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला लांबरुंद, ओली, घट्ट वाळू हवी असेल तर संध्याकाळी ओहोटी हवी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास. प्रतिपदेला ओहोटी सातच्या सुमारास. तेव्हा पौर्णिमा-अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतचे दिवस संध्याकाळच्या वाळूसाठी उत्तम. अष्टमीला गेलात तर सहाला भरती, वाळूची अरुंद पट्टी, आणि पोरं पायऱ्यांवर बसून.

एक गोम आहे. पौर्णिमा-अमावास्येची भरती ही उधाणाची. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. दोन्हींमधला फरक साधारण माणसाच्या उंचीइतका भरतो. म्हणजे ज्या दिवशी संध्याकाळ सुंदर, त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास पाणी सगळ्यात वर. सकाळी मोकळ्या दिसलेल्या वाळूवर गाडी लावून जेवायला गेलात, तर परत येईपर्यंत चाकं पाण्यात. अष्टमीच्या आसपासची भरती भांगाची, ती मवाळ असते.

सूर्यास्ताची वेळ सोलापूरच्या हिशेबाने धरू नका. रत्नागिरी आपल्या पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्य दहा मिनिटं उशिरा बुडतो. डिसेंबरात सहाच्या थोडं पुढे, मेमध्ये सातच्या सुमारास.

हंगामाचं थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा बरी. एप्रिल-मे आंब्यासाठी, पण उकाडा सोसायची तयारी हवी. जून-जुलैत समुद्र बघायचा तो लांबूनच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या माशांच्या आशेने त्या दोन महिन्यांत जाऊ नका.

२. वाट निवडा

नकाशात सरळ वाट एकच दिसते: मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी. तिकडचे लोक या रस्त्याला मिऱ्या-नागपूर महामार्ग म्हणतात आणि आपलं सोलापूर त्याच रस्त्यावर आहे. अंतर सुमारे पावणेचारशे किलोमीटर. चारचाकीने थांबे धरून आठ-नऊ तास लागतात. त्याहून कमी सांगणाऱ्याने घाट धरलेला नसतो.

*एसटीने:* थेट गाडी तुमच्या वेळेला मिळाली तर घ्या. नाही मिळाली तर कोल्हापूरला बदला. पंढरपूर-मिरज मार्गाने रेल्वेनेही कोल्हापूर गाठता येतं. तिथे रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कोल्हापूरहून पुढे कोकणात रेल्वे नाही, हे नकाशा न बघता निघणाऱ्याला तिथे पोहोचल्यावर कळतं.

*पूर्ण रेल्वेने:* सोलापूरहून मुंबई ४५५ किलोमीटर, तिथून कोकण रेल्वेने रत्नागिरी आणखी साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे रस्त्याच्या दुप्पट. ज्यांना घाट सोसत नाही किंवा मुंबईत काम आहे त्यांच्यासाठी हा मार्ग. दादर किंवा ठाण्याला गाडी बदला, पण दोन्ही गाड्या तिथे थांबतात ना, ते तिकीट काढण्याआधी पाहा. मध्ये निदान तीन तास ठेवा. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं आणि मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्या त्याच दिवशी भरतात.

दोन वेगळी तिकिटं असतील तर दोन्ही पीएनआर एकमेकांना जोडून घ्या. पहिली गाडी उशिरा पोहोचून दुसरी चुकली, तर जोडलेल्या तिकिटावर परताव्याचा हक्क राहतो. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं सारखीच हवीत. एका तिकिटावर टोपणनाव आणि दुसऱ्यावर आधारवरचं नाव, इथेच गाडी अडते.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात. परतीची वेळ जुन्या तिकिटावरून किंवा कुणाच्या आठवणीवरून धरू नका.

मुंबईकडून जाताना उक्शी स्टेशननंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. फोन मुका होतो, डब्यात अंधार होतो. तो संपला की सामान खाली काढा, रत्नागिरी आलीच.

३. बॅग: सोलापूरच्या सवयी घरी ठेवा

पहिली चूक म्हणजे टॉवेल. आपल्याकडचा जाड टर्किश टॉवेल सोलापूरच्या उन्हात तासाभरात खडखडीत होतो. रत्नागिरीत तोच टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. माणशी दोन पातळ पंचे घ्या. चादरीचंही तेच. प्रवासात पांघरायला सोलापुरी चादर हवीच, पण ती वाळूवर अंथरू नका. तिच्या विणीत बारीक वाळू आणि खारं पाणी बसलं की दोन धुण्यांतही सुटत नाही. वाळूवर बसायला प्लॅस्टिकची सतरंजी न्या.

दुसरी चूक म्हणजे चामड्याची चप्पल. खाऱ्या पाण्याने ती ताठ होते, शिवण उसवते. रबरी चप्पल घ्या, मागे पट्टा असलेली. साध्या सपाता ओल्या वाळूत रुतून तुटतात.

कपडे सुती, सैल, आणि माणशी रोजचा एक जास्तीचा जोड. मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ वर असतो, रत्नागिरीत ३३ च्या आसपास. आकडा ऐकून वाटतं, थंड हवेच्या ठिकाणी चाललोय. पण आपल्याकडे घाम येता येता वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. तिकडे हवेतच इतका ओलावा की घाम वाळत नाही, नुसता वाहतो. मांड्या आणि काखा घासून सोलतात. त्यासाठी टाल्कम पावडर, आणि पाणी पिताना चिमूटभर मीठ-साखर. लिंबू सरबत किंवा कोकम सरबत दिवसातून दोनदा घेतलं तर दुपारी डोकं धरत नाही.

आता शिदोरी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न घेता सोलापूरकर गावाबाहेर पडत नाही, आणि पडूही नये. पण कडक भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली तर आंबा घाट उतरेपर्यंत ती सादळते. पापडासारखी मोडणारी भाकरी चामड्यासारखी वाकायला लागते. उपाय:

- भाकऱ्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तळाशी आणि वर कोरडं फडकं.
- डबा दिवसातून एकदाच उघडा. मोठ्या डब्याऐवजी दोन छोटे असतील तर एक बंद राहतो.
- सादळली तर टाकू नका. मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं ठेवा, पुन्हा वाजायला लागते. लॉजच्या स्वयंपाकघरात विनंती केली की तवा मिळतो. भाकरी नेमकी काय चीज आहे ते बघायला आचारीही येऊन उभा राहतो.
- शेंगाचटणीत ओला चमचा घालू नका. एकदा पाण्याचा अंश गेला की तिसऱ्या दिवशी खवट.
- मिठाच्या पुडीत चार तांदळाचे दाणे टाका.

४. घाट

सपाट मुलखातल्या माणसाला आंबा घाट लागतो तो पोटात. कोल्हापूरहून बांबवडे, मलकापूर, मग आंबा, आणि तिथून उतरण. उलटीची गोळी घाटात घेऊन उपयोग नाही, ती लागू व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून मलकापूरच्या आधी घ्या, आणि मुलांची मात्रा निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा ओरपून लगेच घाटात शिरू नका. बसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा सगळ्यात कमी हलते, शेवटचं बाकडं सगळ्यात जास्त. नजर फोनवर नको, समोरच्या रस्त्यावर हवी.

स्वतः चालवणाऱ्यांनी उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहावं, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नये. जळका वास आला की ब्रेक तापले असं समजा, मोकळ्या जागी थांबा, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. त्यावर पाणी ओतू नका. पावसाळ्यात धुकं दाट असतं. त्यात हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत दिसते, म्हणून लो बीमच. शक्यतो घाट उजेडात उतरा. सोलापूर पहाटे पाचला सोडलं तर हे सहज जमतं.

५. पोहोचल्यावरचे तीन गोंधळ

*पहिला, कुठे उतरायचं.* मुंबई-गोवा महामार्ग शहरातून जात नाही. त्या रस्त्याने जाणाऱ्या खासगी गाड्या हातखंब्याच्या तिठ्यावर उतरवतात, आणि तिठा शहरापासून तेरा-चौदा किलोमीटर लांब. पहाटे तीनला लेकराबाळांसह तिथे उभं राहण्यात काही मजा नाही. तिकीट काढतानाच विचारा: "गाडी शहरात जाते का हातखंब्यालाच सोडते?" रेल्वे स्टेशनही गावापासून सहा-सात किलोमीटर वर आहे. एसटीचं मुख्य स्थानक आणि रहाटाघरचं स्थानक वेगवेगळं. परतीची किंवा गावोगावची गाडी कुठून सुटते ते चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवा.

*दुसरा, खोली.* रात्रीची गाडी पहाटे पाचला पोहोचते, खोली मिळते अकरा-बाराला. आधी फोन करून ठरवा: लवकर आलो तर पैसे किती, निदान सामान ठेवून तोंड धुता येईल का. त्याच फोनवर आणखी दोन प्रश्न विचारा, खिडकी उघडते का आणि कपडे वाळत घालायला गच्ची आहे का. खिडकी बंद आणि भिंत ओली, अशा खोलीत दमेकऱ्याची रात्र बसून जाते.

*तिसरा, रिक्षा.* बसण्याआधी भाडं ठरवा, आणि ते माणशी की पूर्ण रिक्षाचं हेही. "भाट्याला सोडा" एवढंच म्हणू नका. पुलाच्या अलीकडे की पलीकडे, ते सांगा.

६. पाण्यात उतरताना

आपण हिप्परगा आणि उजनी बघून मोठे झालो. ते पाणी उभं असतं, समुद्राचं पाणी ओढतं.

- ओहोटी वाळूवर चालण्यासाठी, पाण्यात जाण्यासाठी नाही. पाणी उतरत असताना पायाखालची वाळूही सरकते आणि माणूस नकळत आत जातो. भिजायचंच तर भरती नुकती चढायला लागली असताना, गुडघ्याइतक्या पाण्यात.
- आरे-वारे आणि गणपतीपुळे या दोन्ही ठिकाणी पोहू नका. दोन्ही किनारे दिसायला देखणे, पण उतार एकदम आहे आणि लाटा पाण्याखालच्या वाळूत चर पाडतात. कालची कमरेइतकी जागा आज डोक्यावर जाते.
- लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मधला एकच पट्टा शांत, गढूळ दिसतोय, ही जागा सुरक्षित वाटते. खरं तर किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच समुद्रात परत जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, डावीकडे किंवा उजवीकडे सरका. ओढ संपली की लाटाच बाहेर आणतात.
- बुडणाऱ्यामागे साखळी करून उतरू नका. एकामागून एक माणसं जातात ती अशीच. दोरी, रिकामा कॅन, ओढणी, जे हाताला लागेल ते फेका आणि जीवरक्षकाला किंवा कोळ्यांना हाक मारा.
- साडी नेसून कमरेइतक्या पाण्यात जाऊ नये. ओल्या निऱ्या पायात अडकतात.
- जेलीफिश चिकटली तर चोळू नका आणि गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

फोन खाऱ्या पाण्यात पडला तर लगेच बंद करा, गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या. चार्जिंगला लावण्याची घाई केली की आतला मीठाचा थर जोडणी जाळतो. तांदळाच्या डब्यात ठेवून मीठ निघत नाही.

७. गाडी वाळूत रुतली तर

मुळात नेऊ नका. सगळे नेतात म्हणून आपणही नेतो, आणि वळवताना पुढची चाकं बसतात. बसली तर क्रमाने:

१. रेस देणं थांबवा. चाक फिरेल तेवढी गाडी खाली जाते, आणि तळ वाळूला टेकला की काम हाताबाहेर.
२. पंचांगाचा हिशेब करा: भरती यायला किती वेळ आहे? दोन तासांहून कमी असेल तर स्वतः खटपट न करता लगेच ट्रॅक्टर किंवा जीप बोलवा.
३. चाकांपुढची वाळू हातांनी, ताटाने काढून लांब उतार करा.
४. टायरची हवा निम्म्यावर आणा, १५ ते १८ पीएसआय. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो.
५. चालणाऱ्या चाकांखाली पायपुसणी किंवा गोणपाट द्या. काहीच नसेल तर चादर. ती हुतात्मा होईल, गाडी निघेल.
६. सगळे उतरा, दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायाने, चाकं सरळ ठेवून. एकदा हलली की घट्ट वाळू येईपर्यंत थांबू नका.

नंतर हवा भरल्याशिवाय महामार्गावर जाऊ नका, आणि त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. सोलापूरला जाऊन धुऊ म्हटलं तर गंज तोवर घर करतो.

८. जेवण

तिखटाची सवय असलेल्या जिभेला तिकडचं जेवण पहिल्या दिवशी गोडसर वाटतं, कारण वाटणात ओला नारळ. शेंगादाण्याचं कूट शोधू नका, ते तिथे नाही. ज्वारीची भाकरीही क्वचितच, तांदळाची मिळते. आमटीवर शेंगाचटणी टाकून जेवायला लाजायचं कारण नाही.

शाकाहारी लोकांची आबाळ होते हा गैरसमज आहे. घावणे, आंबोळी, कुळथाची पिठी आणि भात, फणसाची भाजी, आणि मार्च-एप्रिलात ओल्या काजूगरांची उसळ. ही उसळ एकदा खाल्ली की सुके काजू फिके वाटतात. मासे खाणारे आणि न खाणारे एकत्र असाल तर खानावळीत तवा वेगळा आहे का ते विचारून बसा.

मासे विकत घेऊन शिजवून घ्यायचे असतील तर सकाळी मिरकरवाडा बंदर गाठा. कल्ला उघडून बघा, लालभडक हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, अंग दाबलं तर खड्डा राहू नये. छोटे मासे वाट्यावर विकतात. वाट्यात वरचे ताजे आणि खालचे शिळे असू शकतात, म्हणून वाटा पालथा करून बघा. मावशी रागावल्या तरी बघू देतात.

९. घाईत सुटणाऱ्या जागा

थिबा राजवाडा सगळे बाहेरून फोटो काढून सोडतात. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इकडे आणून ठेवलं. वाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. आत जाऊन वरच्या मजल्यावर उभं राहा, खाडीवरून येणारा वारा तिथे लागतो. आत संग्रहालय आहे आणि सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. आपली सुट्टी नेमकी शनिवार-रविवार-सोमवार असते, तेव्हा हे सोमवारवर ढकलू नका.

लोकमान्य टिळकांचं जन्मघर टिळक आळीत आहे, चालत जाण्यासारखं. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने भागोजीशेठ कीर यांनी १९३१ मध्ये बांधलेलं पतितपावन मंदिरही गावातच. दोन्ही मिळून एक सकाळ.

रत्नदुर्गावरून खाली दोन्हीकडे बघा. मांडवीकडची वाळू काळपट आणि दुसऱ्या अंगाची पांढरी, म्हणून लोक काळा समुद्र आणि पांढरा समुद्र म्हणतात. तिथून गणपतीपुळ्याला जायचं तर आरे-वारेचा किनाऱ्यालगतचा रस्ता धरा, पंचवीसेक किलोमीटर. निवळीवरून गेलात तर अंतर बरंच वाढतं आणि समुद्रही दिसत नाही.

मुलांसाठी एक फुकटचा खेळ. ओहोटीला भाट्याच्या ओल्या वाळूवर उकिडवे बसा आणि पाच मिनिटं हलू नका. बोटभर भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू चिमटीने तोंडात घालतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतो. भोकाभोवती गोळ्यांची रांगोळी तयार होते. पुढची भरती ती पुसून टाकते.

१०. परत येताना काय, कसं आणायचं

*आंबा:* पिकलेला आणू नका, आठ तासांत रस होतो. तयार पण कच्चा घ्या, देठाजवळ खळगी पडलेला आणि खांदे भरलेला. पेटी उघडून तळातला थरही बघा. हापूस हे भौगोलिक मानांकन २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या आंब्याला आहे. साल पातळ, गर केशरी आणि वास खोलीभर, हा तिकडचा. जाड सालीचा, पिवळ्या गराचा, रंग सगळीकडे सारखा आणि वास नाही, तो घेऊ नका. पेटी एसटीच्या टपावर किंवा इंजिनाजवळ ठेवू नका, पायाशी ठेवा. घरी आल्यावर पेंढ्यात एकेरी अढी घाला, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत. आपल्या उन्हाळ्यात आंबा तिकडच्यापेक्षा लवकर पिकतो. उशीर केला तर साल सुरकुतते, म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज हात फिरवा.

*सुकी मासळी:* सोडे, सुकट, बोंबील. दाबून बघा, लवचिक लागली तर ओलावा आहे. दोन पिशव्या, त्यावर घट्ट डबा, आणि कपड्यांच्या बॅगेपासून लांब. एसटीत शेजारी बसलेल्याच्या तोंडावर ते दिसायला वेळ लागत नाही.

*ओली वाळू:* पोरं शंख-शिंपल्यांसोबत आणतातच. जिवंत प्राणी आत असलेला शंख उचलू देऊ नका. दोन दिवसांत बॅगेला जो वास येतो तो जात नाही.

घरी पोहोचल्या दिवशी बॅगा गच्चीवर उघड्या टाका. चपला, पंचे, सतरंजी सगळं उन्हात. सुकी मासळीही एक दुपार सोलापूरच्या उन्हात, जाळीखाली पसरा. तिकडे चार दिवसांत न वाळलेला ओलावा संध्याकाळपर्यंत उडतो आणि बोंबील कडक भाकरीसारखे वाजायला लागतात.